बेल लागली, आणि मी बोलले

मंगळवार, संध्याकाळ. कोरेगाव.

दाराची कॅमेऱ्याची बेल लागली एकदाची! ड्रिलनं भोकं मीच पाडली. वायफाय दारापर्यंत पोचेना, तर राऊटर खिडकीत हलवला. हे लडाखमधनं फोनवर सांगत होते, "वायरमन बोलाव." नाही बोलावला.

आणि आजच चुलतदीर आले. त्यांना आमच्या रानातनं रस्ता पाहिजे. हे सुट्टीवर असले की अवाक्षर नाही, हे ड्युटीवर गेले की संमतीच्या कागदावर सहीसाठी माझ्या दारात. ते समोर आले की माझा पदर डोक्यावर जातो आणि तोंडच उघडत नाही. का होतं माझं असं?

बेल वाजली तेव्हा मी मागं भांडी घासत होते. मोबाईलवर बघितलं, तर पडदाभर त्यांचं नाक! एवढं मोठं नाक, हसूच आलं. भीती कुठं गेली कोण जाणे. मोबाईलवरचं बेलचं बटण दाबून तिथनंच बोलले,

"आवं भावजी, सही मिळायची न्हाई. हे आल्यावर रस्त्याचं बोला."

ते दचकले. वर पत्र्याकडं बघितलं, मागं बघितलं. "कुठनं बोलतीयास गं?"

परत ते नाक जवळ आलं. पण मग वाटलं, भिंतीआडनं बोलण्यात काय मोठेपणा? हात पुसले, दार उघडलं आणि तेच शब्द त्यांच्या तोंडावर बोलले. आवाज कापला जरा. पण शब्द एकही गिळला नाही.

"बरं," एवढंच म्हणाले आणि गाडीला किक मारून गेले.

मग आलं घालून चहा केला आणि उंबऱ्यावर बसून एकटीनं प्याले. लय गोड लागला.