जावईगोलाची रेघ

दारव्हा
११ जानेवारी २०२५, शनिवार

आदरणीय गनीभाई,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही घ्या. खातूनबी भाभींनाही सांगा. दोनदा फोन लावला, तुम्ही कट केला, म्हणून पोस्टातून पाकीट आणलं. पत्र कट करता येत नाही. फाडता येते, पण फाडायच्या आधी माणूस दोन ओळी वाचतेच, या भरवशावर लिहून राह्यलो.

इकडे तूर सोंगून झाली. माझा डावा गुडघा रेफ्रीसारखा झाला आहे, कधी शिट्टी मारेल सांगता येत नाही. बाकी बरं.

आपल्या नवरंग फुटबॉल क्लबले यंदा पन्नास वर्षं होतात. आठवते का, जर्सी नव्हत्या म्हणून अकरा बंड्या एकाच हौदात निळ्या रंगवल्या होत्या? पहिल्या मॅचले घाम आला अन् सगळ्यांच्या पाठी निळ्या. घरी गेल्यावर माय म्हणाली, "कोणत्या देवाले जाऊन आला रे?" तुमच्या अब्बांनी सागाचे दांडे घडवून देल्ले, तेव्हा कुठं आपला गोल गोलसारखा दिसायले लागला. त्याच्या आधी दोन बाजूले चपलाच होत्या.

आता जिल्हा लीगच्या सेमीफायनलले पोचलो. १९ तारखेले जिंकलो तर २६ ची फायनल आपल्याच मैदानावर. त्याच दिवशी पन्नास वर्षांची स्मरणिका निघणार. माझा नातू अक्षय क्लबचा सेक्रेटरी आहे, तो म्हणते इतिहास तुम्हीच लिहा आजोबा. मी सातवी पास माणूस. पण पन्नास वर्षं मैदान आखणारा मीच, म्हणून माझा सत्कारही ठेवला आहे. शाल, नारळ, सगळं.

तुमचा नातू तारिक आपला गोली आहे, हे तुम्हाले माहीत असेलच. कामासाठी इकडे आला तेव्हापासून दिवसभर गॅरेजात गाड्या खोलते, संध्याकाळी मैदानात. बॉल दोन हातांनी पोटाशी घेते. डोळे मिटले तर वाटते तुम्हीच उभे आहात.

एक लहानशी गोष्ट विचारायची होती. अक्षयच्या मनात स्मरणिकेत एक चौकट टाकायची आहे, १९८८ च्या फायनलची. उमरखेडवाल्यांचा तो गोल तुमच्या हातून गेला, अन् भाभींचं माहेर उमरखेडचं, म्हणून लोकांनी त्याले 'जावईगोल' नाव ठेवलं. आता दारव्ह्यात कोणताही सोपा गोल झाला की त्याले जावईगोलच म्हणतात. ज्याईनं ती मॅच पाहिली नाही, ते पण. सदतीस वर्षं झाली, हसण्यावारी घेण्यासारखं आहे. तुमची हरकत नसेल तर छापू. दोन शब्द कळवा.

आपला,
भगवानराव


दारव्हा
२० जानेवारी २०२५, सोमवार सकाळ

गनीभाई,

पोस्टाले वेळ नाही. बाबूसिंगची जीप तुमच्या ढाणकीले येते, त्याच्याच हाती देऊन राह्यलो. तो संध्याकाळी परत निघते, तेवढ्यात काही लिहायचं असेल तर लिहा.

काल सेमीफायनल जिंकलो, एक शून्य. फायनल उमरखेडसोबतच आहे.

पण जिंकून कोणी नाचलं नाही. दुसऱ्या हाफमधे तारिकच्या हातून बॉल निसटला, त्यानं झेपावून परत धरला. गोलमागून एक ओरडला, "अबे, गनीचा नातू हाये! जावईगोल देते पाहा!" दुसरा म्हणे, "काहून घाबरता? याचं तं लगन व्हायचं हाये अजून!" सगळे हसले. मी लाइनवर झेंडी घेऊन उभा होतो. तारिकनं माझ्याकडे पाहिलं.

मॅच संपल्यावर त्यानं हातमोजे काढून माझ्या समोर ठेवले. "आजोबा, फायनलले दुसरा गोली पाहा. चौकट तुम्हीच लिहिली म्हणते अक्षय."

होय. अक्षयच्या मनात होती असं मी तुम्हाले लिहिलं, ते खोटं. चौकट मीच लिहून देल्ली. अक्षयनं ती मोबाइलच्या ग्रुपमधे टाकली, तिथून गावभर झाली. गोलमागचे ते दोघं ग्रुपमधलेच.

दुसरा गोली नाही, गनीभाई. तुम्ही तारिकले फोन करा. तुमचं ऐकेल तो. गावासाठी नाही, अब्बांच्या क्लबसाठी म्हणून सांगा. हात जोडून लिहितो.

भगवान


दारव्हा
२३ जानेवारी २०२५, गुरुवार

गनी,

बाबूसिंगनं तुझी चिठ्ठी आणून देल्ली. एकच ओळ. "पोराले मी काय सांगू? त्या दिवशी रेघ कोणी मारली होती, तेवढं लिही."

तीन दिवस ती चिठ्ठी खिशात घेऊन फिरून राह्यलो. जेवताना चष्म्याच्या डबीखाली ठेवली तरी दिसते.

मी मारली होती.

तुले ते माहीत होतं. मैदान मीच आखतो हे सगळ्या गावाले माहीत. तू ते विचारलंच नाहीस, तू बाकीचं विचारून राह्यलास. तं घे.

सागाचं लाकूड मैदानात ठेवलं तर कोणाच्या तरी गोठ्याले लागायचं, म्हणून मॅच झाली की दांडे उपटून तुमच्या घरी. दर मॅचले नव्यानं उभे करायचे. अब्बा म्हणत, "पहले दांडे, फिर लकीर." मी त्या एका दिवशी उलटं केलं. पाहुणे यायचे होते, दांड्याची बैलगाडी आली नव्हती, अन् मले मैदान तयार दाखवायची घाई. शेणामातीनं नवं चोपलेलं, जुने खड्डे बुजलेले. अंदाजानं सुतळी ताणली अन् चुन्याची फक्की मारली. मग गाडी आली. कॅप्टन धरमसिंगनं पहारीनं जुने खड्डे शोधले अन् दांडे त्यात बसवले. मी मागं सरून पाहतो तं रेघ दांड्यांच्या वीतभर पुढं, मैदानाकडे.

दुसऱ्या कोणाच्या ध्यानात आलं नाही. लोकं जमले होते, पाहुणे खुर्च्यांवर बसले होते. पुसून नवी मारली असती तं तिथंच माझी फजिती झाली असती. म्हटलं, वीतभरानं काय होते.

फुटबॉल वीतभराचाच असते, गनी.

तू तो दांड्यांच्या मधात धरला होता. पण रेघेच्या आत होता, अन् रेफ्रीनं रेघ पाहिली. त्याचा काय दोष? बॉल छातीशी घेऊन तू ओरडत होतास, "लकीर देखो! कोणी तं लकीर देखो!" मी वीस पावलांवर होतो. तू माझं नाव घेतलंस. तोवर लोकं आत घुसले.  त्या गर्दीत मी पण घुसलो, अन् उजव्या पायानं रेघ पुसली. एका दांड्यापासून दुसऱ्या दांड्यापर्यंत. मग तुझ्याजवळ येऊन म्हटलं, "कायची लकीर, गनी?"

तू खाली पाहिलंस, मग माझ्या चपलेकडे. चप्पल पांढरी होती.  त्या पावसाळ्याच्या आत तू घर विकून ढाणकीले गेलास. जावईगोल हे नाव कोणी काढलं मले माहीत नाही, पण चालू मी ठेवलं. पोरांले सांगितलं, पानठेल्यावर सांगितलं, हसून हसून सांगितलं. लोकं त्यावर हसत होते तोवर रेघेची आठवण कोणाले येणार होती?

काल गॅरेजात जाऊन तारिकले हे सगळं सांगितलं. तो जीपखाली होता, पाना हातात. बाहेर आला नाही. जीपखालूनच म्हणे, "मले कायले सांगता? मी तं हसलो नव्हतो."

म्हटलं, "मग कोणाले सांगू?"

"जे हसले त्याईले. माइकवर. सत्काराच्या वक्ती."

"अन् नाही सांगितलं तं?"

"तं गोल मोकळा राहील, आजोबा. मारू द्या उमरखेडवाल्याईले."

अक्षयनं चौकट काढून टाकली. तो म्हणे, आजोबा, तेवढंच पुरे आहे, सत्कारात कायले ते? पन्नास वर्षांची इज्जत आहे. मी त्याले इतकंच म्हटलं, बाबू, इज्जत आपली नाही, उसनी आणलेली आहे, ढाणकीवरून. तेव्हापासून घरात कोणी माझ्याशी धड बोलून नाही राह्यलं. सून ताट ठेवते अन् आत जाते.

रविवारी नऊ वाजता सत्कार, साडेनऊले मॅच. शाल अंगावर पडायच्या आधीच मी माइक मागणार आहे. काय बोलायचं ते याच पत्रासारखं, वेगळं काही लिहिलं नाही. जमेल का ते सांगू नाही शकत. पन्नास वर्षांत मी माइकवर "एक दोन तीन" च्या पुढं गेलो नाही. तारिकचे हातमोजे माझ्याजवळच आहेत. मी बोललो तर तो येऊन घेईल. नाही बोललो तं तुले ते मॅचच्या पहिल्या पाच मिनिटांत, मोकळ्या गोलावरून कळेल.

माफी मागत नाही. ती मागायची जागा मैदान आहे, कागद नाही.

एकच मागतो. आता दांडे लोखंडी आहेत, पण अजूनही मॅच झाली की काढून ठेवतो. रविवारी सकाळी सातले दांडे उभे होतील, अन् मगच रेघ. बाबूसिंगची जीप तुमच्याकडून पहाटे चारले निघते, पुढची जागा त्यानं ठेवली आहे. सुतळीचं एक टोक माझ्या हातात राहील. दुसरं टोक खुंटीले बांधणार नाही अन् कोणाले धरू देणार नाही. साडेसातपर्यंत ते जमिनीवर पडून राहील.

तू नाही आलास तरी माइकवर जाईनच. पण रेघ वाकडी येईल, गनी. एकट्या माणसाच्यानं सुतळी ताणत नाही.

रेघ मारणारा अन् पुसणारा,
तुझा भगवान