रूथच्या उपासाची उसळ

गुड फ्रायडेची उपासना आटोपून रूथ घरी आली, तर ओट्यावर झाकलेल्या कढईखाली सासूबाईंची चिठ्ठी होती. महिना झाला, रूथनं मटण सोडलं होतं. तेव्हापासून तिच्या नवऱ्याची, सुशीलची आई पंचफुलाबाई तिच्याशी कामापुरतंच बोलत. तिनं भीतभीतच चिठ्ठी उलगडली.

"रूथ,
मी खाप्याले इंदुताईकडे चालली. दिवेलागणीले येईन.
मले वाटे, माह्या हातचा रस्सा तुले आवडत नाई, म्हणून तू मटण खात नाई. काल सुशीलनं सांगतलं का तुमच्या उपासाचे दिवस चालू आहेत. मले काहून नाई सांगतलं वं?
कढईत साबुदाण्याची उसळ आहे. मीठ उपासाचंच घातलं. तुमच्या येशूले जिरं चालते का नाई, कोणाले विचारू? म्हणून जिरं नाई घातलं. दाण्याचा कूट तं चालते ना?
आन् जेवाच्या आधी डोळे मिटून तू काय पुटपुटतं, ते एकडाव सांगजो. रोज विचारीन म्हणतो, राहूनच जाते.
उसळ गरम करून खाय. माही वाट पाहू नको.
मीबी सकाळपासून काही खाल्लं नाई. घरात एकीनं उपाशी राहावं आन् दुसरीनं जेवावं, हे मले जमत नाई."

चर्चच्या उपासात फक्त मांस सोडायचं असे; साबुदाण्या-जिऱ्याचा काही नेम नव्हता. रूथनं झाकण उचलून वास घेतला, पुन्हा ठेवलं. मग दोन ताटल्या काढल्या आणि दाराशी जाऊन बसली.