पाव्हणे आले, नवरी नाही

जठारपेठ, अकोला. मंगळवार, मार्च २००७, संध्याकाळ

थकलो. उद्या सकाळी नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात साडीच्या काठाचं डिझाइन दाखवायचं आहे. आवडलं तर काम, नाही तर परत भातकुलीला भावाच्या वावरात. तिथं यंदा त्याचंच भागत नाही.

चित्रं काढायचा प्रोग्राम इथल्या सायबर कॅफेतल्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर नव्हता, आणि नवीन काही बसवायचा पासवर्ड फक्त मालक रशीदचाचांकडे. म्हणाले, "पासवर्ड नाही भेटत, बेटा. तुह्या फोल्डरात लग्न लाव नाही तं बारसं कर, माह्या मशीनले हात नको लावू."

मग लग्नच लावलं. प्रोग्राम उतरवून माझ्याच फोल्डरात बसवायला घेतला, तर तो म्हणे आधी अमुक लायब्ररी, म्हणजे त्याला लागणारा जोड-प्रोग्राम, आण. ती आणली, तर तिला दुसरी पाहिजे. मामा आला, तर मामाचा साळा रुसलेला! एकेकाला आणून बसवता बसवता दिवस गेला. मधेच एक सापाचा खेळही बसवला. काहून, मलाच माहीत नाही.

शेवटी प्रोग्राम उघडला. समोर पांढरं पान. चाचा मागून वाकून म्हणाले, "पाव्हणे तं सारे आले बे. नवरी कुठी हाये?"

काठावर काय काढायचं, हे दिवसभरात एकदाही मनात आलं नव्हतं.

आता चाचा माझ्यासाठी शटर अर्धंच ओढून बसले आहेत, आणि मी काठ सोडून हे लिहून राहिलो.