बासष्टवर थांबलेला काटा

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही विषय बदलता आणि मीही बदलू देते, म्हणून लिहितेय. पत्र माणसाबरोबर पाठवतेय. दुपारपर्यंत हातात पडेल.

गुडघा कसा आहे? इकडे मला नवी खुर्ची मिळाली, पाठ जुनीच आहे. गेले सहा आठवडे तुमच्याच वीज कंपनीचं मूल्यमापन करत होते. तुम्ही तिथे होतात आणि दादा अजून आहे, हे मी पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं. साहेब म्हणाले, एक निवृत्त, दुसरा पाळीवर आकडे लिहिणारा, ते काय बिघडवणार! काम असं, की कंपनी आपलं ध्येय, मूल्यं आणि पुढचं धोरण सांगते आणि मी एकेका वाक्यासमोर पुरावा शोधते. ध्येय आहे 'उद्याला उजेड देणं'. त्याला पुरावा काय मागणार? सोडून दिलं. धोरण मात्र ठोस आहे: नवे प्रकल्प उभे राहीपर्यंत जुनं केंद्र आणखी बारा वर्षं चालवायचं. म्हणजे सगळी भिस्त तुमच्या दोन नंबरच्या टर्बाइनवर.

मूल्यांच्या पानावर 'जे आहे तेच नोंदवतो' असं छापलंय आणि खाली लॉगबुकच्या एका पानाचा फोटो. सहाच्या शेपटीला तो झटका पाहिला आणि तुमचं अक्षर ओळखलं. खरं सांगते, ऊर भरून आला. शेजारच्या टेबलावर दाखवायला उठलेसुद्धा. मग आकडे वाचले. बेअरिंगचं तापमान, दर तासाला, आठ तास: बासष्ट. भार वाढला, बासष्ट. भार उतरला, तरी बासष्ट. मूळ वह्या मागवल्या. तुमच्या शेवटच्या अकरा महिन्यांत एकदाही एकसष्ट नाही.

मी आठ वर्षांची असताना तुम्ही मला कंट्रोल रूममध्ये नेलं होतंत. बेअरिंगच्या तापमापकाच्या काचेवर नखाने टिचकी मारून म्हणालात, काट्याला आधी जागं करायचं, मग विचारायचं. मी अजून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यालाही टिचकी मारते, मैत्रीण हसते. त्यामुळेच स्वतःची समजूत घालता येत नाही. तो काटा अडकलाय हे तुम्हाला कळलं नसेल, असं निदान मी तरी म्हणू शकत नाही. सुटा भाग येत नसेल. वरून कुणी म्हणालं असेल, घ्या चालवून. चार कारणं कागदावर काढली, चारही खोडली. चार दिवस हेच चाललंय. जेवायला बसते आणि उठते.

काल दुपारी दादाला फोन केला. तुमच्या खुर्चीत बसून दीड वर्ष झालं त्याला. सहज विचारल्यासारखं विचारलं, आत्ता बेअरिंग किती दाखवतंय रे? खुर्ची करकरलीसुद्धा नाही, म्हणजे काट्याकडे बघायला तो उठलाही नाही. 'बासष्ट,' म्हणाला. 'बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय, तिथे बासष्टच लिहायचं. आता माझीपण परीक्षा घेणार का, बाईसाहेब?' मी हसले. फोन ठेवला आणि उगाचच हात धुतले.

काटा अडकलाय हे त्याच तासात मी कंपनीला कळवलं. संध्याकाळी दोन नंबर थांबवलं. बेअरिंग उघडलं तेव्हा ते घासून, तापून निळं पडलेलं होतं, असं रात्री कळलं. किती दिवस टिकलं असतं हे कुणी सांगायला तयार नाही. त्याच्यापासून दादाची खुर्ची पंधरा पावलांवर आहे. लहानपणी मी मोजली होती.

उद्या दहाला चौकशी आहे. पहिला प्रश्न दादालाच विचारतील: हा आकडा कुणाच्या सांगण्यावरून लिहीत होतास? समोरच्यांची फुटलेली काच तुम्हाला आठवत असेल; ती मी फोडली होती आणि त्याने ती आपल्या अंगावर घेतली होती. तुम्ही त्याला मारलंत. मी दाराआड उभी होते आणि गप्प बसले. उद्याही तो तुमचं नाव घेणार नाही. म्हणून हे पत्र, बाबा. त्याला आत बोलावतील, त्याच्या आधी तुम्ही आत जा. मूल्यमापनाचं काम मी आज सकाळी दुसऱ्याकडे सोपवलं, त्यामुळे उद्या मी तिथे फक्त तुमची मुलगी असेन. साडेनऊला फाटकापाशी थांबते. गुडघा दुखत असेल तर माझा हात धरा.

तुमचीच,
धाकटी