समोरची खोली आणि वर्दी यांची व्यवस्था

मी, धंदा इस्त्रीचा, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथीपर्यंत, हे माझ्या हाताने लिहितो. डोकं जागेवर आहे. गुडघे नाहीत, पण सही गुडघ्यांनी करायची नसते. कुणाचा दबाव नाही असंही लिहायचं असतं. दबाव होता. स्मारक समितीचे अध्यक्ष मृत्युपत्र टाईप करूनच घेऊन आले. "काका, तुम्ही फक्त सही ठोका." त्यात होतं की माझ्या मुलीने समोरची खोली आणि तिच्या गेलेल्या भावाची वर्दी जन्मभर सांभाळावी. तो कागद मी त्यांच्याच शर्टाच्या घडीत घालून परत पाठवला.

एक. घर मुलीचं. खोल्या दोन. समोरची एकवीस वर्षं माझ्या मुलाचं स्मारक आहे, म्हणून आम्ही दोघं मागच्या खोलीत राहतो आणि बघायला लोक आले की भांड्यांचा आवाज न करता जेवतो. तिने घर विकावं, भाड्याने द्यावं, कुलूप घालावं. कुणाला विचारत बसू नये.

दोन. विजेच्या दोन इस्त्र्या आणि टेबल शेजारच्या शिंप्याला. कोळशाची इस्त्री त्याला नाही. एकदा मागून नेली आणि दाराला टेकण म्हणून लावली. ती भंगारात घाला.

तीन. बँकेतलं सगळं मुलीला.

चार. वर्दी. माझा मुलगा सैन्यात होता. तेविसाव्या वर्षी चौकीवर गोळी लागून गेला. स्मारकाच्या पाटीवर लिहिलंय, सुट्टी संपताच हसतमुखाने परत गेला. ते खोटं आहे, आणि समितीला ते मीच सांगितलं. शेवटच्या सकाळी तो टेबलाशी येऊन म्हणाला, "बाबा, मला परत जायचं नाही. भीती वाटते." चार लोक काय म्हणतील, एवढंच डोक्यात. त्याची वर्दी ओढली, पाणी शिंपडलं आणि इस्त्री फिरवायला लागलो. तो बघत उभा राहिला. मग गरम होती तशीच अंगात घातली आणि गेला.

कपाटातली वर्दी दुसरी, त्याच्या पेटीतून आलेली. दरवर्षी त्याच्या पुण्यतिथीला मी तिला इस्त्री करतो आणि लोक फोटो काढतात. आता बास. मुलीला हवी तर तिने न्यावी, नको तर पलटणीला परत पाठवावी. समितीला नाही. काचेचं कपाट त्यांचं आहे, ते उचलून न्यावं.

पाच. मुलगी सरकारी दवाखान्यात औषधं देते. बढतीवर बदली तीनदा आली, तीनदा तिने नकार लिहून दिला. मी विचारलं नाही, मला सोयीचं होतं. आता चौथी आली. म्हणून परवा मी तिला पहिली तीन कलमं वाचून दाखवली. म्हटलं, "माझ्यामागे तू मोकळी."

ती भाजी चिरत होती. "म्हणजे तुम्ही मरायची वाट बघत बसू?"

"तसं नाही गं."

"मग कसं? दादाला घालवताना बरी घाई होती तुम्हाला."

मला वाटायचं तिला ठाऊक नाही. ती तेव्हा मागच्या खोलीत होती, भिंत पातळ. एकवीस वर्षं त्या वर्दीची बटणं पुसतेय, एका शब्दाने बोलली नाही. चौथं कलम मी त्यानंतर लिहिलं. समितीपुढे ते मीच वाचणार, तिला वाचायला लावू नये.

सहा. वकील म्हणतो, मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होतं. बाकीचं होऊ दे तसं. हे कलम आजपासून लागू. मुलीने बदली घ्यावी. स्वयंपाक मला येतो, वाईट येतो. गुडघ्यांसाठी तिने थांबू नये.

होकाराचा अर्ज तिने आज सकाळी लिहिला. पाच वेळा वाचला आणि टेबलावर ठेवून आंघोळीला गेली. बाहेर आल्यावर म्हटलं, "देऊ का नेऊन?" ती केस पुसत राहिली. मग म्हणाली, "द्या."

दवाखाना लांब आहे, दोनदा बसलो. परत आलो तर तिने दारातच विचारलं, "पोच घेतली का?"

घेतली. सोबत जोडली आहे.

साक्षीदार: कोपऱ्यावरचा न्हावी, निवृत्त पोस्टमन. शिंप्याला इस्त्र्या मिळणार, म्हणून तो साक्षीला चालत नाही.

सही: इस्त्रीवाला
ठिकाण: दुकान
तारीख: नऊ, मंगळवार