त्रेचाळीस वापरकर्ते

१ ऑक्टोबर २०२३, रविवार. मुखेड. सकाळी ६.१०

माझ्या स्वतःच्या हातानं झालेलं काम, आजअखेर:

हिशोबाच्या प्रोग्रामचं मराठी भाषांतर, शब्द आणि वाक्यं मिळून २,३१६.
अडत दुकानासाठी शेतकऱ्याची पट्टी, हमाली-तोलाई आपोआप वजा. नमुने तीन.
वापरपुस्तिका, पानं ६४. शिवण लाल दोऱ्याची. सुई सौ. तारामतीची, टाके माझे.
कॉम्प्युटरचं टेबल, जुन्या दाराच्या फळीचं. डावा पाय अर्धा इंच आखूड. (दोष फरशीचा.)
वापरकर्ते ४३.

शिक्षण दहावी. अडत दुकानात दिवाणजी म्हणून एकवीस वर्षं. तीन वर्षांपूर्वी मालकाला हा प्रोग्राम दाखवला. मालक लाल वही सोडेना, म्हणून मी मालक सोडला. तत्त्वाचा प्रश्न.

प्रोग्राम फुकट. जगभरच्या अनोळखी लोकांनी रात्रंदिवस खपून केला आणि वाटून टाकला. आतली सगळी यंत्रणा उघडी, कुणीही बघावी, कुणीही सुधारावी. वर्षाची फी नाही, कुलूप नाही, बारा वर्षं जुन्या मशीनवर पळतो. अशी चीज मराठीत पाहिजे, म्हणून मी बसलो. बसलो तो बसलोच.

घर नीट चाललंय. तारामतीचं शिलाई मशीन दिवसभर सुरू असतं. तो आवाज मला एकाग्रतेला बरा पडतो.

संकल्प: पाडव्याला वापरकर्त्यांचा भव्य मेळावा.

५ ऑक्टोबर, गुरुवार

तारामतीनं आज विषय काढला. शिल्पा, आमची मुलगी, लातूरला दवाखान्यात नर्स. बाळ पाच महिन्यांचं. दिवाळीनंतर ड्युटीवर जायचंय, घरात माणूस पाहिजे. तारामती म्हणाली, तिथं शाळेच्या ड्रेसचं शिवणकामबी मिळून राहिलंय, दिवाळी झाली की मी जानार, आन् परत काई यायची न्हाई, तुमीबी चला.

मी म्हणालो, त्रेचाळीस माणसं माझ्या भरवशावर आहेत.

तर म्हणते, त्यातला येक तरी दारात आलेला दाखवा.

मी म्हणालो, मेळावा बघ, मग बोल. ती म्हणाली, बगते. म्हणजे मान्य आहे. मेळाव्यात लोक उठून चार शब्द बोलले की लातूरचा विषय आपोआप मिटेल.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

नोंद राहिली होती. दुपारी मी आडवा झालो की तारामती कॉम्प्युटरवर शिलाईचा हिशोब लिहीत बसते. दोन वर्षं झाली असतील. तिला वापरकर्त्यांत धरलेलं नाही. घरातलं माणूस धरलं तर आकड्याला किंमत राहत नाही.

एकदा तिनं विचारलं होतं, ह्या 'किरकोळ'मधी काय टाकायचं? कुठंच बसत नाही ते, मी सांगितलं. हा शब्द ठरवायला मी परदेशातल्या मंडळींशी सतरा ई-मेल भांडलो होतो. ती म्हणाली, माझं तर समदं कुठंतरी बसतंय, नवं खातं कसं काढू? मी म्हणालो, पुस्तिका, पान ३१. माझी झोपमोड झाली होती.

९ ऑक्टोबर, सोमवार. देगलूर

वापरकर्ता क्र. १, महादेवप्पा, अडत दुकान. त्यांचा फीडबॅक घ्यायला गेलो. एस.टी. ७.४०ची, आली ८.२५ला. (तक्रार लिहायची आहे.)

महादेवप्पा उठून उभे राहिले. म्हणाले, भागवतराव, तुमचं सॉफ्टवेअर म्हंजे लई भारी, दोन वर्षांत एक चूक न्हाई केली. हे वाक्य तिथंच लिहून घेतलं. मेळाव्याच्या बॅनरवर टाकायचं.

कॉम्प्युटर कुठंय विचारलं तर आत नेलं. देवघरात. खंडोबाच्या डाव्या हाताला. स्क्रीनवर कुंकवाचं बोट, कीबोर्डवर वाळका झेंडू. मी बटण दाबायला गेलो तर त्यांच्या आई, सिद्धम्मा, वय ऐंशीच्या पुढं, ओरडल्या, अंघोळ केली का रे बाबा? पहिले पाय धू! पाय धुऊन आलो. म्हणाल्या, लक्ष्मीपूजनाला लावते, आरती झाली की झाकून ठेवते, ह्याच्या पायगुणानं तुरीला भाव आला बघ.

इतका मान कुठल्याही विकतच्या सॉफ्टवेअरला मिळालेला नाही.

चालू करून पाहिलं. नोंद एकच. मी शिकवताना केलेली: 'नमुना, रु. १'. एकही चूक नाही हे खरंच आहे.

महादेवप्पांच्या मांडीवर लाल वही होती. म्हणाले, देव निराळा, धंदा निराळा.

रात्री परत आलो. तारामतीनं विचारलं, काय म्हनले? मी बॅनरचं वाक्य वाचून दाखवलं. ती हसली नाही. भाकरी वाढली.

१६ ऑक्टोबर, सोमवार

फोनवरून पाहणी. वापरकर्ता क्र. १७, व्यंकट, हिमायतनगर, खताचं दुकान. व्यंकट फारच खूश. म्हणाला, काका, ग्राहकांच्या यादीत सहाशे बारा नावं टाकली. मी खुर्चीत सरळ बसलो. म्हणाला, बहिणीच्या लग्नाच्या पत्रिका त्याच्यावरूनच काढल्या, एक पाहुणा रुसला न्हाई. मी विचारलं, आणि हिशोब? म्हणाला, हिशोब आबा लिहितेत ना वहीत.

प्रत्यक्ष उपयोग तर झाला. धरला.

उरलेल्यांपैकी अकरा जणांनी उचलला नाही, सहा नंबर बंद. एकानं विचारलं, कोन भागवत? चौघं म्हणाले, करतो, बघतो, बसतो. एका ठिकाणी मशीन पोरानं क्रिकेटच्या गेमसाठी नेलंय. मी म्हणालो, प्रोग्राम त्यात आहे ना? आहे म्हणाला. मग वापरकर्ता आहे.

३० ऑक्टोबर, सोमवार

प्रमाणपत्रं पूर्ण. ४३. 'उत्कृष्ट वापरकर्ता'. नावं बोरूनं, काळ्या शाईत, प्रत्येकी बावीस मिनिटं. कागद मोजून आणला होता, एकही वाया नाही.

तारामती मागं उभी राहून बघत होती. म्हणाली, अक्षर लई देखणं हाय तुमचं. मग एकेक नाव वाचत शेवटापर्यंत गेली. म्हणाली, झाले का समदे? मी म्हणालो, समदे. हाव, म्हणाली, आणि मशीनवर जाऊन बसली.

पुन्हा म्हणाली, पाडव्याला कोन येनार हो? तुमी येकवीस साल दिवाणजी व्हते. पाडव्याला दिवाणजी दुकान सोडतो व्हय? मी म्हणालो, नवं हिशोबाचं वर्ष त्याच दिवशी सुरू होतं, यापेक्षा योग्य दिवस नाही. बाईमाणसाला मुहूर्त कळतो, औचित्य कळत नाही.

१४ नोव्हेंबर, मंगळवार. पाडवा

सकाळी तारामतीनं ओवाळलं. ताटात मी वापरपुस्तिकेची दुसरी आवृत्ती टाकली, पहिली प्रत. ती म्हणाली, पान येकतीस पाठ हाय मला. घेतली मात्र.

समाजमंदिर, दुपारी ४. खुर्च्या पन्नास.

४.००. कुणी नाही.
४.२५. बॅनर एका बाजूनं सुटला. बांधला.
४.४०. एस.टी.चा कंडक्टर आला. महादेवप्पांनी पार्सल पाठवलंय: नारळ एक, झेंडूचा हार एक. चिठ्ठी: दुकानात वहीचा मुहूर्त आहे, येणं होत नाही, हार सिद्धम्माच्या हातचा, मशीनला घालावा.
५.१०. तारामती तिसऱ्या रांगेत बसलेली. इस्त्रीची साडी. मला वाटलं चहाचं बघायला आली.

मी भाषण केलं. लिहून आणलेलं होतं, ते पूर्ण केलं. फुकट आणि मोकळं यांतला फरक, उघड्या यंत्रणेचं महत्त्व, बॅकअप. चौतीस मिनिटं. शेवटी विचारलं, वापरकर्त्यांपैकी कुणाला चार शब्द बोलायचे आहेत?

तारामती उठली. मी म्हणालो, बस, चहाला घाई नाही.

ती बसली.

प्रमाणपत्रं परत आणली. ४३. मोजली.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

भाऊबीज आटोपली. तारामतीनं ट्रंक बांधली. मशीन शेजारच्यांच्या टेम्पोत पुढं गेलं. घरात आवाज नाही. काम जास्त होईल.

दुपारी समोर येऊन बसली. म्हणाली, शेवटचं ईचारते. शिल्पाच्या घराजवळ रस्त्याच्या कडंला खोली हाय. पुढच्या अंगाला तुमचं टेबल, मागं माझं मशीन. बाहेर तुमच्या नावाची पाटी, अक्षर तुमचंच. पोरी यितील शिकायला, बाया यितील, तुमच्यावानी हिसाब कोन शिकवतंय? पैशाची फिकीर करू नका, म्या बाजूला ठिवलेत.

किती ते मी विचारलं नाही. ब्लाऊजच्या पैशात किती असणार? मी म्हणालो, तारामती, ब्लाऊजच्या पैशावर संस्था उभी राहत नसते. आणि त्रेचाळीस जणांना वाऱ्यावर सोडून…

ती म्हणाली, कुठंयत ते?

मग उठली. कॉम्प्युटरवर पाच मिनिटं बसली. म्हणाली, माझं लिहून झालं, बंद करू का तुमी करताव? मी म्हणालो, राहू दे, मी करतो.

४.३०ची लातूर. आजची गाडी वेळेवर आली. मी ट्रंक चढवली. खिडकीतून म्हणाली, डब्यात दोन दिसांच्या भाकरी हाईत. गोळी साडेआठला. मी मान हलवली. कंडक्टरला सुटे नव्हते, तिनं दिले.

२० नोव्हेंबर, सोमवार

संकल्प: पहाटे ५ला उठणे. पुस्तिकेची तिसरी आवृत्ती. वापरकर्त्यांना पत्रं.

उठलो ८.४०ला. गोळी राहिली.

२२ नोव्हेंबर, बुधवार

किराण्याचा माणूस आला. घरखर्च काय लागतो मला माहीत नाही असं त्याला सांगता येईना. 'वहिनींना विचारून सांगतो' म्हणालो. तो म्हणाला, वहिनी तर गेल्या ना?

शिल्पाला फोन केला. म्हणाली, आई कपडे मापून राहिली बाबा, खोली भरलीय बायांनी. तिला फोन देऊ का? मी म्हणालो, नको, सहजच.

२६ नोव्हेंबर, रविवार. दुपारी २.१५

कॉम्प्युटर हळू चालतोय. जागा करावी म्हणून जुन्या फाईली काढून टाकायला बसलो. तारामतीची सापडली. नाव: 'घर'.

काढून टाकण्याआधी तपासायची माझी पद्धत आहे. तपासली.

सुरुवात १९ जुलै २०२१. शेवट १७ नोव्हेंबर २०२३. दर महिन्याला बॅकअप. फॉल-पिको, काजबटणं, दोरा, वीजबिल, किराणा, माझ्या गोळ्या, माझी शाई, प्रमाणपत्रांचा कागद, समाजमंदिराचं भाडं, पन्नास खुर्च्या. नावे-जमा प्रत्येक दिवशी जुळलेली. दोन तास शोधलं. चूक नाही. एकवीस वर्षांत मालकाच्या वहीत मी इतकं स्वच्छ काम केलेलं नाही. पुस्तिकेतली सगळी ६४ पानं वापरणारं माणूस जगात एकच निघालं.

प्रमाणपत्र लिहायला घेतलं. कोरा कागद उरलेला नाही.

एक खातं माझ्या यादीतलं नाही. पान ३१प्रमाणे नवीन काढलेलं. नाव: 'ह्यांचं लातूर'. पहिली जमा चाळीस रुपये. मग दर आठवड्याला, कधी साठ, कधी दोनशे, दिवाळीच्या हंगामात हजार-हजार. एकही आठवडा चुकलेला नाही. मेळाव्याच्या आठवड्यातही जमा आहे.

१७ नोव्हेंबर, शेवटची नोंद. सगळी शिल्लक तिथून काढून 'किरकोळ'मध्ये टाकली. खातं बंद. पद्धत बरोबर.

फाईल काढून टाकलेली नाही. वापरकर्त्यांची यादी दुरुस्त केली: १.

दप्तराच्या पूर्णतेसाठी, मी नाकारलेला प्रस्ताव: लातूरला रस्त्याकडेची खोली एक, पुढं टेबल, मागं शिलाई मशीन, बाहेर माझ्या नावाची पाटी. रक्कम रुपये एकसष्ट हजार तीनशे चाळीस फक्त.