मुलांनी काय केलं, तेवढंच

गुरुजी, माझी उजव्या पायाची चप्पल गेली. दोन्ही गेल्या असत्या तर चोरी झाली म्हणून निदान बोंब तरी मारता आली असती. गेली एकच, आणि तिच्या जागी मागे राहिली तपकिरी पट्ट्याची, माझ्या पावलाहून दोन बोटं लांब अशी एक पुरुषी चप्पल. म्हणजे या घटकेला जव्हार-मोखाड्यात कुणीतरी मुख्याध्यापक एका पायात माझी निळी चप्पल घालून हिंडतो आहे आणि हे त्याच्या ध्यानातही आलेलं नाही. एवढ्या बारकाईने पाहणारा माणूस शाळा चालवतो, म्हणून मी काळजीत आहे. गुन्हा घडला ते ठिकाण सभागृहाच्या पायऱ्या, आणि निमित्त संघभावनेचं प्रशिक्षण. दिवसभर आम्हाला एकजुटीने कसं राहावं ते शिकवलं आणि संध्याकाळी एकजुटीने माझी चप्पल नेली.

प्रशिक्षण द्यायला पुण्याहून एक तरतरीत मुलगा आला होता. त्याने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि आम्हा पाचसहा मुख्याध्यापकांना त्यावर उभं राहायला सांगितलं. मग कागद निम्मा दुमडला, मग आणखी निम्मा. आम्ही पन्नाशीकडे झुकलेली, गुडघे बोलायला लागलेली माणसं एकमेकांच्या खांद्यांना धरून उभे, आणि खोडाळ्याकडचे एक सर माझ्या अंगठ्यावर. "टीम म्हणजे काय, आलं ना लक्षात?" मुलगा म्हणाला. आलं. मग त्याने भिंतीवर प्रकाश पाडला आणि वाचून दाखवलं की शाळा ही शिकणारी संघटना आहे, तिथे मुलंच नव्हे तर शिक्षकही एकमेकांकडून शिकतात. आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या शाळेतला असा एखादा अनुभव सांगा."

मी गप्प बसले. माझ्या जिभेला तालुका वचकून असतो, गुरुजी. साहेबलोक मला बैठकीत शेवटी बोलू देतात, म्हणजे जेवणाची वेळ झालेली असते. आणि मी गप्प. "असं काही नाही आमच्याकडे," एवढंच म्हणाले आणि खाली बसले. तेव्हापासून मला चैन नाही. चप्पल हे निमित्त. तुम्हाला लिहायला बसले आहे ते त्या गप्प बसण्यामुळे.

मी तुमच्या शाळेत आले तेव्हा वावर गावात कुपोषणाने झालेल्या मुलांच्या मृत्यूंना फार दिवस झाले नव्हते. सगळ्या खात्यांच्या जीपा डोंगर चढत होत्या आणि शिक्षण खात्याचीही त्यात होती. सुधारणा सुरू झाली होती. आनंददायी शिक्षण आलं होतं. म्हणजे आम्ही टाळ्या वाजवत गाणी म्हणायची आणि मुलांनी आमच्याकडे, हिला काय झालं, अशा नजरेने बघायचं. माझी मराठी नाशिकच्या कन्याशाळेतली, घासूनपुसून ठेवलेली. "बालमित्रांनो, चित्राचे निरीक्षण करा," असं मी म्हणे आणि पहिलीचा वर्ग दगडासारखा गप्प. शेजारच्या वर्गातले सर जव्हारच्या बाजारपेठेतले, दारं-खिडक्या करणाऱ्या मुसलमान घरातले. ते मधल्या सुट्टीत म्हणाले, "बाई, तुमच्या वर्गात एवढी शांतता, मला वाटलं तुम्ही सुट्टी देऊन टाकली."

मी रडकुंडीला आलेली. आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी आलात, धोतर सावरून मागच्या भिंतीला टेकून पोरांमध्ये मांडी घालून बसलात. हातात कागद नाही, पेन नाही. मला वाटलं, झालं, आता नोकरीतली पहिली कानउघाडणी. शाळा सुटल्यावर तुम्ही चुलीवर काळा चहा ठेवलात, सर बाकावर बसले, आणि तुम्ही सांगायला लागलात. "दाराशी बसलेल्या मुलाने तुझं 'निरीक्षण' ऐकलं आणि शेजारणीला विचारलं, ती काय म्हणते. शेजारीण म्हणाली, माना नाय माहीत. मग दोघांनी चित्रातल्या कोंबडीवर बोट ठेवलं आणि तिच्याबद्दल बरंच बोलले, हळू आवाजात, आपल्या बोलीत." मी वाट बघत राहिले की आता माझं काय चुकलं ते येईल. आलं नाही. मीच विचारलं, "आणि माझं, गुरुजी?" तुम्ही म्हणालात, "तू काय केलंस ते तुला ठाऊक आहे. मुलांनी काय केलं ते तुला दिसत नव्हतं, तू फळ्याकडे बघत होतीस. तेवढंच मी सांगायचं."

हा आपल्या शाळेचा कायदा होता. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आपण तिघं बसायचो. ज्याचा पाठ त्या आठवड्यात फसला असेल त्याने तो आधी सांगायचा, मग बाकीच्यांपैकी एकाने पुढच्या आठवड्यात त्याच्या वर्गात जाऊन मागे बसायचं, आणि मुलांनी काय केलं तेवढंच परत येऊन बोलायचं. उपाय सुचवायचा नाही, शाबासकी नाही, टोमणा तर नाहीच. टोमण्याची अट खास माझ्यासाठी होती, हे मला नंतर कळलं. आणि बसलेलं फेडायचं. आज तुम्ही माझ्या वर्गात बसलात, तर पुढे मी तुमच्या. मुख्याध्यापक म्हणून तुम्हाला सूट नव्हती. सर म्हणायचे, "माझ्या वालिदांच्या कारखान्यात पण असंच. रंधा कुणी धरला ते कुणी विचारत नाही, फळी कुठे उंच राहिली ते सगळे वाकून बघतात."

मग केंद्राकेंद्रातून गटसंमेलनं सुरू झाली. महिन्यातून एकदा सगळ्या शाळांचे शिक्षक एका शाळेत जमायचे, तिथे एकाने आदर्श पाठ द्यायचा आणि बाकीच्यांनी तो आदर्श असल्याचं सांगायचं. पाठाची तालीम आठवडाभर चाले. कच्ची मुलं त्या दिवशी घरी, पक्की पुढच्या रांगेत. एका शाळेत तर पक्की मुलं कमी पडली म्हणून शेजारच्या गावातून उसनी आणली होती, आणि त्यातल्या एकाने साहेबांना स्वतःच्या शाळेचं नाव सांगून टाकलं. पुढच्या वर्षी आपली पाळी आली, आणि त्याच वर्षी शाळांना श्रेणी द्यायची ठरली होती. विस्तार अधिकारी स्वतः येऊन सांगून गेले, "गुरुजी, अ श्रेणी आली तर तुमचे शिक्षक हलवत नाही. नाहीतर समायोजनात दोघं जातील. पाठ चांगला बसवा." पहिलीपासून आपण तिघांनी मिळून हाताळलेली मुलं तेव्हा दुसरीत होती. ती चौथी पास होईपर्यंत तिघांनी एकत्र राहायचं, एवढीच तुमची इच्छा होती. बदलीसाठी कधी कुणाच्या दारात न गेलेला माणूस, त्या आठवड्यात दोनदा म्हणालात, "दोन वर्षं मिळाली पाहिजेत."

आणि एवढं सगळं माहीत असून तुम्ही काय केलंत? संमेलन नेमकं शिमग्याच्या आठवड्यात. वीटभट्टीवर गेलेली कुटुंबं सणाला घरी आलेली, दिवाळीपासून गायब असलेली पोरं अंगणात. तुम्ही सकाळी पाड्यावर गेलात आणि त्यांना घेऊन आलात. एका आईने दारातून ओरडून विचारलं, "गुरुजी, आज सायेब येवाचा हाय ना? दुसरा गुरुजी तं सांगं, सायेब येल तवा पोरा घरी ठेवा." तुम्ही म्हणालात, "म्हणूनच न्यायची." सरांनी डोक्याला हात लावला. मी म्हटलं, "गुरुजी, एक दिवस. फक्त एक दिवस त्यांना मागे बसवा." तुम्ही त्यांना पुढे बसवलंत.

वजाबाकीचा पाठ. दहा-दहा काड्यांचे दोऱ्याने बांधलेले गठ्ठे आणि काही सुट्या काड्या. सुट्या काड्या पुरत नाहीत, म्हणून एक गठ्ठा सोडायचा, एवढंच तर होतं. भट्टीवरून आलेली एक मुलगी, केसांत राख अजून तशीच, तिला तुम्ही पुढे बोलावलंत. तिने गठ्ठा उचलला. दोऱ्याकडे पाहिलं. खाली ठेवला. तुम्ही पुन्हा सांगितलंत. तिने पुन्हा उचलला, आणि या वेळी दोन्ही हातांनी धरून, जपून, होता तिथे नेऊन ठेवला. दुसऱ्या मुलालाही बोलावलंत. त्याने तर हातच मागे बांधले. भिंतीला लागून बसलेले चाळीसेक शिक्षक एकमेकांकडे बघायला लागले. तुमच्या कपाळावर घाम. तास संपला आणि गठ्ठे बांधलेलेच.

मग अभिप्राय सुरू झाले. "सुंदर पाठ." "शैक्षणिक साधनांचा प्रभावी वापर." "मुले आनंदी दिसली." माझी पाळी आली. मी उभी राहिले आणि आपल्या शनिवारच्या कायद्याप्रमाणे सांगितलं. मुलीने गठ्ठा उचलला, दोऱ्याकडे बघितलं, परत ठेवला. दुसऱ्यांदा दोन्ही हातांनी ठेवला. मुलाने हात मागे बांधले. बाकीची मुलं गुरुजींकडे नाही, तिच्याकडे बघत होती. विस्तार अधिकारी म्हणाले, "ते झालं. शिक्षकांनी काय केलं ते बोला."

"ते गुरुजींना ठाऊक आहे," मी म्हटलं.

मागे कुणीतरी हसलं. साहेबांना तो हशा लागला. "बाई, सरळ सांगा. वजाबाकी आली का? हो की नाही?"

"नाही," मी म्हटलं. चांगलं खणखणीत, मैदानावरच्या मुलांनाही ऐकू जाईल असं.

श्रेणी क आली.

त्या संध्याकाळी शाळेतून मोखाड्याला परतताना एसटीत तुम्ही खिडकीशी बसलात. उतरण्याआधी पिशवीतून गूळ-शेंगदाणे काढून अर्धे माझ्या हातावर ठेवलेत आणि म्हणालात, "सांगितलंस ते बरोबर होतं. जरा हळू सांगितलं असतंस तरी चाललं असतं." बस्स. हे वाक्य मी किती वेळा उलटंपालटं करून पाहिलं, गुरुजी! यातला राग केवढा आणि कौतुक केवढं ते मला अजून वेगळं काढता आलेलं नाही. मी खोटं बोलले असते, 'आली' म्हटलं असतं, तर आपण तिघं राहिलो असतो. पण मग शनिवारी कुठल्या तोंडाने बसलो असतो? आणि नुसती शनिवारची बैठक वाचवायला दोन वर्षं घालवणं हे शहाणपण की माज? पुण्याच्या त्या मुलाकडे याचं उत्तर असलेला कागद नव्हता. मी पाहिलं.

त्या शनिवारी आपण बसलो. न बसण्याचा विचार तुम्ही केलाच नव्हता. सरांनी त्या मुलीच्या आईलाच बोलावून आणलं होतं. ती ओटीवर बसून हसत सुटली. "गुरुजी, भट्टीवर मोजेल थप्पीला पोरा हात नाय लावीत. लावला तं मुकादम माझे नवऱ्यालाच बोलं. मी मारेल हाय तिला त्याच्यासाठी." बांधलेलं म्हणजे मोजलेलं, आणि मोजलेलं म्हणजे बापाच्या मजुरीचं. ते सोडायला आपण तिला सांगत होतो, तेही चाळीस परक्या माणसांसमोर. तुम्ही एक गठ्ठा हातात घेऊन त्याची गाठ बघत बसलात. मग सर म्हणाले, "तिचा तिनेच बांधला तर?" सोमवारी मुलीला सुट्या काड्या आणि दोरा दिला. तिने स्वतः दहा मोजल्या, स्वतः गाठ मारली, आणि हवी तेव्हा स्वतः सोडली. वजाबाकी आली. बघायला साहेब नव्हते.

जूनमध्ये हुकूम आले. सर विक्रमगडच्या बाजूला, मी जव्हारजवळ. तुम्ही तिथेच राहिलात आणि दोन वर्षांत हे जग सोडून गेलात. पुढे आपली शनिवारची बैठक कुणाच्या तरी कानावर गेली आणि तिचा उपक्रम झाला. त्याला नाव मिळालं, तक्ता मिळाला, दरमहा ठरावीक फसलेले पाठ कळवायचं बंधन आलं. ज्यांचे पाठ फसत नव्हते ते बिचारे कल्पना लढवायला लागले, आणि जे पाठ घेतच नव्हते त्यांचे अहवाल सगळ्यांत प्रामाणिक वाटायचे. मी त्या काळात कुणाच्याही वर्गात मागे बसले नाही. मुख्याध्यापक झाल्यावरही नाही. तपासणीला गेले की दारात उभी राहते, सही करते, निघते.

पण परवा, प्रशिक्षणाच्या दुसऱ्या सकाळी, एकाच पायात स्वतःची चप्पल घालून मी शाळेत पोचले तर आमची नवी शिक्षणसेविका दारात उभी. इथल्याच एका पाड्यावरची पोर, घरची बोली बोलणारी. म्हणाली, "मॅडम, माझ्या वर्गात मागे येऊन बसाल का? तो तक्ता नका आणू." मी बसले. गुडघ्यांनी तक्रार केली. मग चहा घेताना तिला सांगितलं, खिडकीजवळच्या मुलीने शब्द लिहिला, पुसला, तोच पुन्हा लिहिला, आणि असं पाठ संपेपर्यंत चाललं होतं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी तुमच्या वर्गात कधी येऊ?" हे तिला कुणी शिकवलेलं नाही, गुरुजी. मी तर नक्कीच नाही. मी म्हटलं, "शनिवारी ये."

उद्या शनिवार. चौथीचा वर्ग, भागाकार. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते टपालखात्यालाही सांगता येणार नाही, म्हणून ते इथेच राहील आणि म्हणून हेही लिहून टाकते. आज मधल्या सुट्टीत मी वर्गातल्या सगळ्यांत हुशार मुलीला बोलावून घेतलं होतं, उद्याची उत्तरं तिला आधीच सांगून ठेवायला. ती आली, हात पुढे बांधून उभी राहिली, "काय मॅडम?" म्हणाली. मी तिला पाणी आणायला पाठवलं. तिने तांब्या भरून आणला. मी पाणी प्यायले आणि तिला म्हटलं, जा, खेळ.